निजलेलीचं माप

तिने कानस उचलली, निजलेलीच्या डाव्या छातीवर टेकवली आणि तशीच परत खाली ठेवली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. एरवी एवढं काम म्हणजे पाच मिनिटांचा खेळ. साच्यातून काढलेल्या प्लास्टरवर जोडाच्या रेषा उमटतात, कुठे बुडबुड्याचा फोड राहतो. ते सगळं घासायचं, वरून पॉलिश पेपर फिरवायचा, की झालं. हा फोड तर तिच्या चांगला ओळखीचा होता. निजलेलीचा साचा तिच्या वडिलांच्या वेळचा, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक प्रतीत डाव्या बाजूला तो ठरल्यासारखा यायचा. 'साच्यातला दोष आहे, घासून टाकायचा,' असं आप्पांनी तिला कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आजवर तीन प्रतींवरून तिने तो बिनबोभाट घासला होता.

चौथ्या वेळी हात चालेना, याचं कारण तिला ठाऊक होतं. ते तिच्या एप्रनच्या आत होतं, तिच्या स्वतःच्या डाव्या बाजूला.

चार महिन्यांपूर्वी अंघोळ करताना ते हाताला लागलं. पहिल्या दिवशी तिने स्वतःला सांगितलं, चरबी असेल. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, साचे उचलून स्नायू धरला असेल. मग तिने सांगायचंच बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून अंघोळ करायला लागली. आई त्रेचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेली होती. आपण पंचेचाळीस ओलांडली म्हणजे सुटलो, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. जणू आजाराकडे शाळेचं हजेरीपुस्तक असतं आणि तिथे आपलं नाव वाचून झालेलं आहे. आता कोणाला सांगावं, तर सांगितल्यावर ते खरं होईल याची भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ तिने झाकून धरली होती, आणि मुठीला घाम सुटला होता.

फक्त एक गोष्ट तिला सोडवत नव्हती. दर सोमवारी, कार्यशाळेत कोणी नसताना, ती कॅलिपर घ्यायची. मूर्तीचं नाक, बोट, गुडघा, काय वाटेल ते त्या दोन वाकड्या पायांत धरून मोजायचं, ही तिची रोजची सवय. ते पाय ती एप्रनच्या आत न्यायची आणि आलेला आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायची, शेजारी तारीख. चौदा मिलिमीटर. चौदा. सोळा. कॅलिपर सैल झालाय म्हणून तिने त्याचा स्क्रू आवळला. पुढच्या सोमवारी सतरा आले.

दारावर टकटक झाली तशी तिने कपाट लावलंय की नाही ते आधी बघितलं.

संग्रहालयाचा क्युरेटर आत आला, कागदांची फाइल पोटाशी धरून, आणि त्याच्या मागून एक ठेंगणी बाई, हातात पांढरी काठी. अंधशाळेतल्या शिक्षिका येणार हे तिला माहीत होतं. शनिवारी संग्रहालयात नवं स्पर्शदालन उघडणार होतं. वेगवेगळ्या काळांतल्या प्रसिद्ध स्त्रीमूर्तींच्या पाच प्रतिकृती, हात लावून बघायच्या. त्याआधी ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांच्यापैकी कोणीतरी सगळं तपासून द्यावं, ही कल्पना क्युरेटरचीच, आणि त्याच्या मानाने बरीच शहाणपणाची.

"कोपर द्या, ताई," शिक्षिका म्हणाल्या. "मी डावखुरी आहे. काठी डाव्या हातात धरते, म्हणून तुमचं डावं लागेल."

ती वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि उजवं कोपर पुढे केलं.

"डाव्या हाताला प्लास्टर लागलंय," ती म्हणाली.

"मी काय पाहुणी आहे का? धुतलं की निघतं." पण त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मिळालं ते कोपर धरलं.

चार मूर्ती लांब टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. कार्यशाळेत त्यांना कागदोपत्री नावांनी कोणी हाक मारत नसे. आजी, ठसकेबाज, हातमोडकी, भोकवाली. पाचवी निजलेली, तिचं धड अजून खिडकीपाशी फिरत्या पाटावर होतं; डोकं, हात आणि पाय वेगळे, गोणपाटाखाली. शिक्षिकांनी बेसिनवर हात धुतले, अंगठी काढून खिशात टाकली आणि तळवे एकमेकांवर बराच वेळ चोळले.

"प्लास्टरला गार हात चालतात," क्युरेटर म्हणाला.

"माहितीये. जुनी सवय आहे, जात नाही."

त्यांनी आजीला उचललं. पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीची ही बाई, मुठीत मावेल एवढी.

"'सुफलतेचं आद्य प्रतीक,'" क्युरेटरने फाइलमधून वाचलं. "'मोठे स्तन, मोठं पोट. त्या काळी जगणं म्हणजेच जन्म देणं...'"

"हिचा चेहरा कुठे आहे?"

"मुळातच नाही. डोक्यावर नुसत्या वेण्यांसारख्या ओळी आहेत. टोपीही असेल. नक्की कोणालाच माहीत नाही."

"आणि पावलं?"

"तीही नाहीत."

"म्हणजे तोंड उघडायचं नाही आणि घराबाहेर पडायचं नाही. आदर्श सून." शिक्षिकांनी आजीला अलगद खाली ठेवलं. क्युरेटर हे लिहून घ्यावं की नाही या विचारात पडला.

ठसकेबाज त्यांना आवडली. काशाच्या चिमुकल्या मूर्तीची प्रत, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची, एक हात कमरेवर, दुसरा खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. क्युरेटरच्या कागदावर नर्तिका असं होतं, पुढे कंसात प्रश्नचिन्ह. शिक्षिका म्हणाल्या की नाचतेय कशावरून, ही तर नुसती उभी आहे, आणि कोणालाही घाबरून उभी नाही. हातमोडकीच्या कमरेवरून घसरलेल्या वस्त्राच्या चुण्यांवर मात्र त्या रेंगाळल्या.

"'अभिजात सौंदर्याचा मापदंड,'" क्युरेटरने वाचलं.

"हात नसताना?"

"हात गेले म्हणून जास्त प्रसिद्ध झाली, असंही म्हणतात."

"बघा. धड होती तेव्हा कोणी विचारलं असेल की नाही कोण जाणे. मोडल्यावर रांगा लागल्या."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिला तो आवाज आपलाच आहे हे क्षणभर लक्षात आलं नाही. तेवढ्यात शिक्षिकांचा हात भोकवालीपर्यंत पोचला. शंभर वर्षांच्या आतली ही मूर्ती, बाई म्हणावी तर बाई, टेकडी म्हणावी तर टेकडी, आणि छातीच्या जागी आरपार भोक. शिक्षिकांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तो तिथेच राहू दिला.

"ऑपरेशन झालेल्या बायका असं सांगायच्या मला," त्या म्हणाल्या. "इथून वारा जातो, म्हणायच्या."

तिने विचारलं, "कुठल्या बायका?"

"शाळेत लागायच्या आधी सहा वर्षं मी तपासणी केंद्रात होते. आमच्यासारख्या बायकांना शिकवतात काही ठिकाणी. बोटांनी छाती तपासायची, डॉक्टरांच्या हाताखाली. डोळस माणसाला जे फार उशिरा लागतं, ते आमच्या बोटांना लवकर लागतं." त्यांनी हात बाहेर काढला. "पुढची?"

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या बाईच्या बोटांना एप्रनवरूनसुद्धा कळेल, हवेतून कळेल, मघाशी कोपर दिलं त्यातूनच कळलं असेल, असं काय काय तिच्या मनात आलं. निजलेलीपर्यंतच्या दहा पावलांत ती त्यांच्यापासून जमेल तेवढी लांब चालली. कोपर धरलेल्या माणसापासून जमून जमून किती लांब चालता येणार!

"हिचं खरं नाव 'रात्र'," क्युरेटर सांगत होता. "पाचशे वर्षांपूर्वीची. एका श्रीमंत घराण्याच्या कबरीवर आहे, झोपलेली. 'काळ आणि मृत्यू यांचं चिंतन...'"

शिक्षिकांनी परत हात चोळले. मग धडाच्या पोटावर ठेवले, वळ्यांवरून बरगड्यांकडे नेले.

"झोपलेली नाहीये ही. झोपलेल्या माणसाचं पोट असं आवळलेलं नसतं." बोटं वर सरकली. "हिला कशाची तरी..."

तीन बोटं डाव्या छातीवर, आतल्या कडेला, लहान लहान गोल फिरत होती. एकदा हलकी, मग जरा दाबून, मग आणखी दाबून. तिने खाली ठेवलेली कानस उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

"हे काय?"

"साच्यातला दोष आहे. घासायचाच राहिलाय."

"फोड असा नसतो, ताई. फोड वर बसतो मसुरीच्या दाण्यासारखा, नखाने उडवता येतो. हे खालून वर आलंय. आणि इथे बघा, बाजूला, कातडी आत ओढलीये. हे कोणीतरी बघून केलंय."

"असलं कोण कशाला दगडात करेल?"

"ज्याने बघितलं तो करेल. बाकीचे दोष म्हणतील."

क्युरेटरने फाइलमधून मोठे फोटो काढले होते आणि ते खिडकीशी तिरके धरून बघत होता. "आहे," तो म्हणाला. "मूळ दगडातच आहे. डॉक्टर लोकांनी यावर लिहिलंयसुद्धा. काहींचं म्हणणं, हा आजारच. काहींना ते पटत नाही. मी वाचलं होतं, पण लेबलात बसेना म्हणून सोडून दिलं."

"किती वर्षं घासताय तुम्ही हे?" शिक्षिकांनी तिला विचारलं. आवाजात दोष दिल्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"वडिलांपासून."

"आता नका घासू." निघताना त्यांनी काठी उघडली आणि दाराशी थांबल्या. "ताई, मघापासून तुम्ही श्वास धरून बोलताय."

"धूळ असते इथे. प्लास्टरची."

"असेल. शुक्रवारी येते मी परत."

त्या गेल्या. तिने दाराला कडी लावली, खिशातून कानस काढली आणि चार हात मारून तो उंचवटा साफ करून टाकला. मग पॉलिश पेपर घेतला. प्लास्टर इतकं गुळगुळीत झालं की तिथे कधी काही होतं असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तळहातावर पांढरी भुकटी उरली होती, चिमूटभर. ती झटकायचीही तिला भीती वाटली.

संध्याकाळी आप्पा जेवणाच्या टेबलाशी जुना रेडिओ उघडून बसले होते. वय चौऱ्याहत्तर, कार्यशाळा सोडून सहा वर्षं झाली, तरी काहीतरी उघडून बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. रेडिओतून जळका वास येत होता. तिने तसं म्हटलं.

"काही नसेल गं," आप्पा म्हणाले.

त्या घराचं अर्धं आयुष्य या दोन शब्दांवर चाललं होतं. छतात तडा दिसला, काही नसेल. धाकट्या बहिणीचा ताप चौथ्या दिवशी उतरेना, काही नसेल. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा खरोखर काही नसायचं. त्यामुळे आप्पांचा त्या दोन शब्दांवर जडलेला विश्वास काही केल्या सुटत नव्हता.

"निजलेलीचा तो दोष," ती ताट मांडता मांडता म्हणाली, "दगडातच आहे म्हणे. मूळ मूर्तीला. ती बाई कोणीतरी आजारी होती, असं म्हणतात."

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कोण म्हणतं?"

"आज आल्या होत्या त्या शिक्षिका. आणि फोटोतपण दिसतं. आपण इतकी वर्षं घासत होतो."

ताटातलं अन्न आप्पांनी एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेलं. ती भांडी आवरायला उठली तेव्हा त्यांनी विचारलं, "आज घासलास?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

सकाळी ती निघाली तर आप्पा दाराशी उभे, अंगात सहा वर्षं खुंटीवर लटकलेला कामाचा डगला. एक बटण नव्हतं. "धडाचा साचा जड आहे," ते म्हणाले. "एकटीला उचलणार नाही." गेल्या सहा वर्षांत तिने तो एकटीने दोनदा उचलला होता.

नवं धड काढायला दोघांनी साच्याचे तुकडे आतून साबणाच्या पाण्याने सारवले, एकमेकांत बसवले, दोऱ्यांनी आवळले. प्लास्टर पाण्यात टाकायचं काम आप्पांनी मागून घेतलं. प्लास्टर मुठीने भुरभुरावं लागतं, पाण्याच्या वर लहानसं बेट दिसेपर्यंत. त्यांचा हात कापत होता.

"कापतोय ते बरंच आहे," आप्पा म्हणाले. "चाळणी लागत नाही."

दोघांनी साचा भरला, तागाचे धागे आत दाबले, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं. अंगात ताप चढावा तसा साचा बाहेरून हळूहळू कोमट होतो आणि तो निवेपर्यंत उघडायचा नसतो. ती स्टुलावर बसली. आप्पा साच्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"तुझी आई इथे डबा घेऊन यायची," ते म्हणाले.

"माहितीये."

"या साच्यातली पहिली प्रत मी काढली, त्या दिवशी पण आली होती. इथेच उभी होती. मूर्तीवर हात ठेवला तिने. ठेवला आणि काढेचना. मग म्हणाली, 'अहो, माझ्याही इथे असंच काहीतरी आहे.'"

खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती. ती त्या माशीकडे बघत राहिली.

"मग?"

"मी म्हटलं, काही नसेल. म्हटलं, अगं हा साच्यातला दोष आहे, हा बघ. आणि कानस घेतली नि तिच्यादेखत घासून दाखवला." आप्पांचा हात साच्यावरच होता. "ती हसली. म्हणाली, 'चला, सुटले.' दोघांनी मिळून डबा खाल्ला. डॉक्टरकडे गेलो ते आठ महिन्यांनी."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"नव्हतं. खरंच दोष वाटला होता मला. देवाशपथ." थोड्या वेळाने ते म्हणाले, "नंतर वाटेनासा झाला. ती गेल्यावर दुसरी प्रत काढली, तेव्हा हात थांबला. पण घासला. न घासावा, तर मग पहिल्या वेळचं काय? म्हणून घासत राहिलो. तुलाही तेच शिकवलं."

तिला राग आला. इतका आला की तो ठेवायला त्या खोलीत जागा नव्हती. आईचं 'चला, सुटले' तिच्या कानात वाजत राहिलं, आईच्या खऱ्या आवाजात, जो तिला गेली कित्येक वर्षं आठवत नव्हता. आणि रागाच्या तळाशी नेहमीची ती भीती तशीच बसलेली होती, कारण काल दाराला कडी लावून तिने वेगळं काय केलं होतं? ती उठली, खिडकी उघडली आणि माशी बाहेर जाईपर्यंत तिथे उभी राहिली.

"निवला," आप्पा साचा चाचपत म्हणाले. "लाकडी हातोडी कुठेय?"

"कपाटात," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला आठवलं.

ती वळली तोवर आप्पांनी कपाट उघडलं होतं. दार पूर्ण मागे गेलं होतं आणि उजेड बरोबर त्याच्या आतल्या बाजूवर पडला होता. आप्पांनी डगल्याच्या खिशातून चष्मा काढून लावला.

"ही कशाची मापं?"

"निजलेलीची."

आप्पांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि खाली खाली नेलं. तारखा सगळ्या सोमवारच्या. चौदा, चौदा, सोळा, सतरा. बोट शेवटच्या आकड्यापाशी थांबलं. बावीस. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, फक्त मापं घेतली होती. मूळ मूर्तीचं माप आणि प्रतीचं माप केसभरही वेगळं येता कामा नये, यावर त्यांनी अनेकांशी भांडणं केली होती.

"निजलेलीचं माप वाढत नाही गं," ते म्हणाले.

ते प्लास्टरच्या पोत्यावर बसले. तिला वाटलं आता ते 'काही नसेल' म्हणतील, आणि म्हणाले तर आपण किंचाळू, किंवा त्यांच्यावर विश्वास ठेवू. दोन्हींची तिला सारखीच धास्ती वाटली. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा ते आकडे वाचत बसले. शेवटी तिनेच हातोडी घेतली. दोऱ्या सोडल्या, तुकड्यांच्या कडांवर हलके ठोके दिले आणि एकेक तुकडा बाजूला केला. पांढरं ओलं धड बाहेर आलं. डाव्या बाजूला तो उंचवटा होता, आणि शेजारी, इतक्या वर्षांत तिने कधी न बघितलेली, आत ओढली गेलेली ती बारीक खळी. तिने पेन्सिल घेतली आणि पाठीमागे, जिथे काम संपेपर्यंतच्या खुणा लिहायच्या असतात, तिथे लिहिलं: घासू नये.

त्या रात्री आणि गुरुवारी दिवसभर दोघं कामापुरतं बोलली. डोकं, हात आणि पाय जोडून झाले. धाकटीचा फोन आला तेव्हा तिने नेहमीसारखं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि आप्पा पलीकडच्या खोलीतून दाराशी येऊन उभे राहिले.

शुक्रवारी दुपारी शिक्षिका आल्या. या वेळी एकट्याच, दारापर्यंत शिपाई सोडून गेला. आप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. त्यांनी उठून नमस्कार केला आणि मग शिक्षिकांना दिसत नाही हे लक्षात आल्यावर तोंडाने म्हटला.

तिने पुढे होऊन डावं कोपर दिलं.

शिक्षिकांची बोटं क्षणभर कोपरावर तशीच राहिली. निजलेलीपाशी आल्यावर त्यांनी हात चोळले आणि केसांतल्या चंद्रकोरीपासून मांडीखालच्या घुबडापर्यंत सगळं सावकाश बघितलं. छातीवर त्या फार थांबल्या नाहीत.

"अजून ओली आहे," त्या म्हणाल्या.

"आठवडा लागेल सुकायला. उद्या हात लावायला हरकत नाही."

"लेबलात काय लिहिलंय?"

"क्युरेटरनी बदललंय. बाकीचं तेच आहे. शेवटी घातलंय की हिच्या डाव्या छातीवर एक गाठ आहे, ती शोधून बघा."

"चांगलं केलं."

ती तिथेच उभी राहिली. बोलायची वाक्यं तिने रात्री जागून जुळवून ठेवली होती, चांगली सोपी वाक्यं, आणि आता त्यातलं एकही सापडेना.

"बाई," ती म्हणाली, "तुमचे हात..."

शिक्षिकांनी काठी मिटून टेबलाला टेकवली. "आधी जरा गरम करते," त्या म्हणाल्या. "दाराला कडी आहे ना?"

आप्पा उठले आणि न सांगता बाहेर गेले.

प्लास्टरच्या पोत्यांमागे एक बाक होता, त्यावर ती आडवी झाली. छताला ओल आल्याचा डाग होता, तो तिने यापूर्वी कधी नीट बघितला नव्हता. शिक्षिकांनी उजव्या बाजूने सुरुवात केली, आणि तिला वाटलं, चुकीच्या बाजूला वेळ कशाला घालवतायत. मग डावी बाजू आली. तीन बोटं, लहान लहान गोल. हलकी, मग जरा दाबून. ती बोटं थांबली तेव्हा तिने श्वास धरला.

"सोडा," शिक्षिका म्हणाल्या. "श्वास सोडा. किती दिवस झाले?"

"चार महिने."

"वाढलंय?"

"आठ मिलिमीटर."

एवढं नेमकं उत्तर शिक्षिकांना सहा वर्षांत कोणी दिलं नसावं. त्यांनी काखेत बघितलं, गळ्यापाशी बघितलं, मग तिचा एप्रन स्वतःच्या हाताने नीट केला.

"आहे, एवढंच बोटांना कळतं," त्या म्हणाल्या. "काय आहे, ते यंत्र सांगेल, सुई सांगेल. मी खोटं सांगणार नाही आणि घाबरवणारही नाही. माझ्या जुन्या केंद्रात मी आजच फोन करते. सोमवारी तुम्हाला घेतील. मी तिथे असेन."

"घाबरलेली तर मी आहेच," ती म्हणाली.

"घाबरा ना. पण तिथे येऊन घाबरा."

तिने डोळे पुसले तर डोळ्यांत प्लास्टर गेलं. बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि कडी काढली.

आप्पा दारासमोरच्या भिंतीला टेकून उभे होते, डगल्याचे दोन्ही खिसे मुठींनी भरलेले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं.

"झालं?"

"सोमवारी जायचंय. तपासणीला."

आप्पांचं तोंड उघडलं. कोणते दोन शब्द येणार हे तिला ठाऊक होतं. ते त्यांच्या ओठांवर आलेले तिला दिसतसुद्धा होते, आणि आपल्याला ते हवे आहेत की नको हे तिचं तिलाच समजत नव्हतं. आप्पांनी तोंड मिटलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.